दगड घेण्याआधी त्याचं कूळ विचारा

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. हॉलमध्ये पांढरा मार्बल घालावा का, ओट्यासाठी 'क्वार्टझाइट' म्हणून दाखवलेला पांढरा स्लॅब घ्यावा का, बाथरूमला कोणती टाइल बसवावी, आणि सध्याच्या घरातल्या मार्बलच्या बेसिनभोवती पडलेले, कितीही घासले तरी न जाणारे फिके डाग कशाने जातील. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर नीट कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

ते डाग नाहीतच. डाग म्हणजे बाहेरचं काहीतरी दगडात मुरणं. तुमच्याकडे उलटं झालंय, दगडाचाच वरचा पापुद्रा विरघळून गेलाय. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने चुनखडीचं रूप पालटून तो तयार होतो. त्यावर आम्ल पडलं की कार्बोनेट विरघळतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग तेवढ्या जागी खडबडीत होतो. तिथे प्रकाश विखुरतो, म्हणून ती जागा फिकी आणि मंद दिसते. लिंबाचा रस, व्हिनेगर, वाइन, शीतपेयं आणि बाथरूम स्वच्छ करायची बहुतेक आम्लयुक्त द्रावणं हे काम मिनिटाभरातही करतात. पुसून घेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

ओळखायला सोपं आहे. दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खरा डाग मूळ रंगापेक्षा गडद दिसतो आणि त्यावरची चकाकी शाबूत असते. आम्लाने खाल्लेली जागा रंगाने फिकी असते आणि तिथे चकाकी तुटलेली दिसते. बऱ्याचदा बाटलीच्या बुडाचं गोल वळं किंवा ओघळाची रेघ स्पष्ट ओळखू येते. तिसरी एक शक्यता आहे. नळाजवळ पांढरट थर नखाला उंचवट्यासारखा लागत असेल, तर ते जड पाण्यातले क्षार आहेत. इथे लोक हमखास फसतात. क्षार काढायची द्रावणं आम्लाची असतात, आणि तो थर मुख्यतः ज्याचा बनलेला असतो त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा तुमचा मार्बलही बनलेला आहे. द्रावण दोघांत भेद करत नाही. मार्बलवरचा थर पाण्याने ओला करून, धारदार ब्लेड अगदी आडवं धरून, अलगद खरवडून काढायचा.

आता उपाय. नखाला न लागणारी, फक्त चकाकी गेलेली जागा असेल तर मार्बल पॉलिशिंग पावडर मिळते. जागा ओली करायची, चिमूटभर पावडर घालायची आणि ओल्या नमद्याने किंवा जाड सुती फडक्याने जोर देऊन गोल गोल घासायचं. पावडरची पातळ मलईसारखी पेस्ट होते. ती वाळू द्यायची नाही, दोनतीन मिनिटांनी धुऊन बघायचं, कमी वाटलं तर पुन्हा करायचं. खड्डा नखाला जाणवत असेल तर मात्र हिऱ्याच्या कणांच्या पॅडने जाड दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत पायरी पायरीने घासावं लागतं. ते सराईत पॉलिशवाल्याचं काम आहे. घरच्या घरी ड्रिलला पॅड लावून एकाच जागी घासलं तर तिथे खोलगा होतो आणि तो उजेडात कायम दिसत राहतो.

'सीलर लावा म्हणजे असं होणार नाही' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. सीलर दगडाच्या छिद्रांत बसतो आणि पाणी, तेल आत शिरायला उशीर लावतो. पृष्ठभागावरचं कॅल्शियम कार्बोनेट उघडंच राहतं आणि आम्ल त्याला खातंच. सीलर डागासाठी असतो, आम्लासाठी नाही. दगडाच्या बाबतीत मी लोकांना सगळ्यात जास्त वेळा हेच वाक्य सांगत आलोय.

म्हणून दगड घेताना रंग, नाव, भाव या सगळ्याच्या आधी त्याचं कूळ विचारा. घराच्या कामापुरती दोनच कुळं धरली तरी चालतं. एक चुन्याचं: मार्बल, लाइमस्टोन, ट्रॅव्हर्टाइन, बहुतेक ओनिक्स, आणि आपल्या ओळखीचे कोटा व कडप्पा, हे सगळे त्यात आले. दुसरं सिलिकाचं, म्हणजे वाळू मुख्यतः ज्याची बनते त्या द्रव्याचं: ग्रॅनाइट, क्वार्टझाइट, बेसॉल्ट, बहुतेक सँडस्टोन. स्लेट मधल्यामध्ये असते. काही स्लेटमध्ये चुन्याचा अंश असतो, म्हणून ती प्रत्येक वेळी तपासूनच घ्यावी. पहिलं कूळ आम्लाने विरघळतं आणि मऊ असतं. दुसरं घरातल्या आम्लांना दाद देत नाही आणि कठीण असतं. एक अपवाद लक्षात ठेवा: गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते ग्रॅनाइटलाही खातं आणि माणसाच्या त्वचेला फारच घातक आहे. असं द्रावण घरात आणूच नका.

मऊ-कठीण म्हणजे किती, त्यासाठी मोहस मापन आहे. मार्बलमधलं कॅल्साइट त्यावर ३, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७. सुरीचं पोलाद आणि काच ५.५ च्या आसपास. बाहेरून चपलांबरोबर घरात येणारी वाळू बहुतांशी क्वार्ट्झच असते, म्हणजे ७. दारापासून सोफ्यापर्यंतची मार्बलची वाट दोनतीन वर्षांत मंद का पडते आणि सोफ्याखालचा मार्बल तसाच का चमकतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. माणसाच्या वजनाने मार्बल झिजत नाही, पावलाखालच्या वाळूने झिजतो. त्यामुळे महागड्या पॉलिशपेक्षा दाराबाहेर एक खरखरीत आणि दाराच्या आत एक मऊ, लांबीला चांगलं तीनचार पावलं टाकता येतील असं पायपुसणं मार्बलचं आयुष्य जास्त वाढवतं.

आता तुमच्या ओट्याचा स्लॅब. खरा क्वार्टझाइट हा ओट्यासाठी उत्तम दगड आहे. सँडस्टोनचं रूप पालटून तो झालेला असतो आणि जवळजवळ सगळा क्वार्ट्झ असतो. पण बाजारात मार्बलसारखा दिसणारा आणि 'मार्बलपेक्षा कणखर' म्हणून विकला जाणारा बराच माल प्रत्यक्षात डोलोमाइट (चुन्याच्याच कुळातलं एक खनिज) असलेला मार्बल असतो. 'सॉफ्ट क्वार्टझाइट' असा शब्द कानावर आला की सावध व्हा, क्वार्टझाइट मऊ नसतो. विकणाऱ्याला दरवेळी फसवायचंच असतं असंही नाही, अनेकदा त्यालाही वरून तेच नाव सांगितलेलं असतं. म्हणून नावावर विसंबू नका. त्याच स्लॅबचा कापून उरलेला तुकडा मागा आणि स्वतः तपासा.

तुकडा हातात आला की आधी त्याची पॉलिश नसलेली, तुटकी कड बघा. एक रिकामी काचेची बाटली आडवी धरून त्या कडेने काचेवर जोरात रेघ ओढा. क्वार्टझाइट असेल तर काचेत रुतल्यासारखं जाणवतं, करकर आवाज येतो आणि पुसल्यावरही चरा राहतो. मार्बल असेल तर कड काचेवरून घसरत जाते. मागे पांढरी रेघ उमटते खरी, पण ती दगडाची भुकटी असते आणि बोटाने पुसली की जाते. पुसून बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. मग तुकड्याच्या पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि दहापंधरा मिनिटं थांबा. फेस आला नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, डोलोमाइटवर फेस जेमतेम येतो. थेंब पुसून, धुऊन, कोरडं करून टॉर्च आडवा धरा. फिकं वर्तुळ दिसलं तर तो चुन्याच्या कुळातला दगड आहे, मग त्याच्या पावतीवर काहीही लिहिलेलं असो.

त्याच तुकड्यावर पाण्याचा एक थेंब आणि तेलाचा एक थेंबही टाकून बघा. पाण्याखालचा दगड चारपाच मिनिटांत गडद झाला तर तो पाणी पितो, त्याला सीलर लागेल. अर्ध्या तासानेही रंग बदलला नाही तर सीलरची गरज जवळजवळ नाही. तेल रात्रभर ठेवा, कारण ओट्यावर तेल हाच नेहमीचा पाहुणा असतो. काळ्या ग्रॅनाइटच्या बाबतीत आणखी एक करा: पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन दगड चोळा. फडकं काळं झालं तर दगडाला रंग चढवलेला आहे, आणि तो वर्षा-दोन वर्षांत ठिकठिकाणी करडा पडेल.

स्लॅब पसंत करताना छोट्या नमुन्यावर जाऊ नका. नैसर्गिक दगडाच्या दोन स्लॅबमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. जे स्लॅब तुमच्या घरी येणार आहेत तेच पूर्ण उभे करून, दिवसाच्या उजेडात बघा, त्यांच्यावर खूण करा, फोटो काढून ठेवा. मागची बाजू जरूर बघा. जाळी चिकटवलेली असेल तर तो दगड नाजूक आहे एवढंच समजा. अनेक सुंदर दगड जाळीशिवाय वाहून आणताच येत नाहीत, तेव्हा ती नापसंतीची खूण नाही. पण जाळी रेझिनने, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या डिंकाने, चिकटवलेली असल्यामुळे साधं सिमेंट तिला नीट धरत नाही, आणि फरशीसाठी तसा दगड घेतलात तर योग्य अ‍ॅधेसिव्हचा विचार आधीच करावा लागतो. पृष्ठभाग ओला करून वाळताना बघा. जिथे भेग असते तिथली ओल सगळ्यात शेवटी जाते. ओट्याला २० मिलिमीटर जाडी सहसा पुरते, मात्र आधाराशिवाय पुढे काढलेला भाग साधारण १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. ३० मिलिमीटर जाडीला २५ सेंटिमीटरपर्यंत चालतं. सिंक आणि शेगडीसाठी पाडलेल्या खाचांचे आतले कोपरे काटकोनात कापू देऊ नका, गोलाई द्यायला सांगा. ओटा तडकतो तो बहुतेक वेळा याच कोपऱ्यातून.

तर ओट्यासाठी माझा कौल: परीक्षेत उतरला तर क्वार्टझाइट, नाहीतर ग्रॅनाइट. मार्बलचा ओटा मी फक्त अशांना सुचवतो ज्यांना वापराच्या खुणा मनापासून आवडतात. तरीही हवाच असेल तर चकचकीत न घेता होन्ड, म्हणजे घोटून मॅट ठेवलेला घ्या. त्यावर आम्लाच्या खुणा पडतात, पण चकाकीच नसल्याने उठून दिसत नाहीत.

कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या स्लॅबबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानात तो दाखवला जाईलच. वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन. तो पाणी पीत नाही, सीलर लागत नाही, लिंबाला घाबरत नाही. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. आचेवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवलं तर पांढरा किंवा पिवळा चट्टा पडतो आणि तो निघत नाही. उन्हात रंग पिवळा पडतो, म्हणून बाल्कनीत नको. शिवाय तो कापताना उडणारी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ कामगाराच्या फुप्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून अशा स्लॅबवर बंदी घातली. ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइटमध्येही सिलिका असतेच. तेव्हा कुठलाही दगड असो, तुमच्या घरात तो कोरडा कापू देऊ नका. पाणी सोडून कापायला सांगा, कापणाऱ्याच्या तोंडावर खरा धूळरोधक मास्क आहे का ते बघा. नाकाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

हॉलमध्ये पांढरा मार्बल घालायला माझी हरकत नाही. तिथे आम्ल फारसं सांडत नाही, आणि झीज झाली तरी पुन्हा घासून नवा करता येतो, जे कुठल्याही टाइलच्या नशिबात नाही. अडचण येते ती खालून. पांढरा मार्बल अर्धपारदर्शक असतो, त्याच्याखाली करडं सिमेंट अ‍ॅधेसिव्ह लावलं तर त्याची सावली वर दिसते. पांढरंच अ‍ॅधेसिव्ह वापरायला सांगा. काही पांढऱ्या दगडांत लोहाची खनिजं असतात. खालची ओल आत चढत राहिली की ती गंजतात आणि दगड आतून पिवळा-तपकिरी पडतो. तो पिवळेपणा वरून पुसून जात नाही. म्हणून खालचा कोबा पूर्ण वाळल्याशिवाय मार्बल बसवू नका आणि बसवल्यावर सांधे लगेच भरू नका, ओल बाहेर पडायला वाट ठेवा. हिरव्या मार्बलचं आणखी वेगळं. त्यातले अनेक प्रकार खरं तर सर्पेंटाइन असतात आणि पाणी लागलं की फरशी कडांनी वर वळते. त्यांना पाण्याचं अ‍ॅधेसिव्ह चालत नाही, इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) लागतं.

बाथरूमला दगड नको, टाइलच घाला, आणि टाइल बघताना आधी डिझाइनकडे नका जाऊ. खोक्यावरचा पाणी शोषण्याचा आकडा वाचा. ०.५ टक्का किंवा त्याहून कमी असेल तर ती पोर्सलिन, म्हणजे आपल्या बोलण्यातली विट्रिफाइड. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त पाणी पितात. भिंतीवर त्या उत्तम, जमिनीवर नकोत. ग्लेझ, म्हणजे वरून काचेसारखा थर, असलेल्या टाइलला झिजेचा पीईआय वर्ग १ ते ५ असा दिलेला असतो. घरातल्या जमिनीला ३ पुरतो, बाहेरून थेट येण्याजाण्याच्या जागी ४ घ्या. ग्लेझ्ड टाइलचा टवका उडाला तर आतला वेगळा रंग दिसतो, फुल बॉडी टाइलला आरपार एकच रंग असतो. जिथे जड वस्तू पडायची शक्यता आहे तिथे हा फरक मोलाचा ठरतो.

पण बाथरूममध्ये या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे घसरण. त्यासाठी आर ९ पासून आर १३ पर्यंत श्रेणी असते. आर ९ ही त्यातली सगळ्यात खालची पायरी आहे, तेव्हा 'आर रेटिंग आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. ही श्रेणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालून ठरवतात, आणि तुम्ही साबणाच्या पाण्यात अनवाणी उभे राहता. म्हणून आकडा बघा, पण नमुना घरी आणून, साबणाचं पाणी टाकून, ओल्या तळव्याने दाबूनही बघा. लोलकाच्या चाचणीत, म्हणजे झुलता रबरी तळ टाइलवर घासून घसरण मोजतात त्या चाचणीत, ओल्या अवस्थेतला आकडा ३६ किंवा वर असेल तर घसरण्याची शक्यता कमी मानतात. घरात वयस्कर माणसं असतील तर मी या बाबतीत तडजोड करू देत नाही. चकचकीत टाइल भिंतीवर घाला, पायाखाली नको.

शॉवरच्या जागी लहान टाइल किंवा मोझेक घ्या. जितके सांधे जास्त तितकी पायाला पकड जास्त. शिवाय पाणी जाण्याच्या जाळीकडे चारी बाजूंनी उतार द्यायचा तर मोठी टाइल तिरकी कापावी लागते, लहान टाइल आपोआप वळते. उतार दर मीटरला साधारण २० मिलिमीटर. मोठीच टाइल हवी असेल तर एका भिंतीलगत लांबट जाळी बसवून एकाच दिशेने उतार द्या. आणि टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी सांध्यांतून खाली जातंच, ते अडवायचं काम खालच्या थराचं. तो थर दिल्यावर जाळी बंद करून, पाणी भरून २४ तास ठेवा, खालच्या मजल्याचं छत तपासा आणि मगच टाइलला हात लावू द्या. घाई असली की आधी हीच चाचणी गळते, आणि गळती निघाली की सगळं बाथरूम फोडावं लागतं.

बसवणाऱ्या मिस्त्रीबरोबर चारदोन गोष्टी काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या, नंतर बोललात तर वाद होतात. पहिली, अ‍ॅधेसिव्हचे पाच गोळे ठेवून त्यावर टाइल दाबायची पद्धत नको. खाचांच्या थापीने सरळ एका दिशेने रेघा ओढून पूर्ण पाठ भरली पाहिजे. मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ थर लावावा लागतो. सुरुवातीलाच बसवलेली एखादी टाइल उचलून बघा: कोरड्या जागी किमान ८० टक्के, ओल्या जागी आणि नैसर्गिक दगडाला ९५ टक्के पाठ भरलेली दिसली पाहिजे. रिकाम्या राहिलेल्या कोपऱ्यावर काही जड पडलं की तो कोपरा फुटतो, आणि बाथरूममध्ये त्या पोकळीत पाणी साचून वास मारतो.

दुसरी गोष्ट सांध्यांची. 'सांधा न ठेवता एकजीव बसवून देतो' असं अभिमानाने सांगणारे भेटतील. नको म्हणा. टाइल, कोबा, इमारत सगळं उष्णतेने आणि ओलीने कमीजास्त होतं. जागा मिळाली नाही की टाइल तंबूसारख्या वर उचलल्या जातात, कधी मोठा आवाज होऊन. कडा कारखान्यात कापलेल्या टाइललाही किमान २ मिलिमीटर सांधा ठेवा, भिंतीलगत स्कर्टिंगखाली लपेल अशी मोकळी फट ठेवा, आणि मोठ्या हॉलमध्ये साधारण दर ७ मीटरला सिलिकॉनसारख्या लवचिक पदार्थाने भरलेला सांधा द्या. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट (सांधे भरायचा मसाला) भरलं तर ते तडकणारच, तिथेही सिलिकॉन. लांब फळीसारख्या टाइल मध्यभागी किंचित फुगीर असतात. त्या विटांसारख्या निम्म्यावर सरकवून लावल्या तर एकीचा फुगवटा दुसरीच्या कडेशेजारी येतो आणि पायाला ठेच लागते. एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नका.

ग्राउट बाथरूम आणि ओट्यामागे इपॉक्सीचं घ्या. महाग पडतं, लावायला किचकट आहे, पण पाणी पीत नाही आणि डाग धरत नाही. लावल्यावर टाइलवर राहिलेला थर त्याच दिवशी, कडक व्हायच्या आत पुसून घ्यायला हवा. दुसऱ्या दिवशी तो निघता निघत नाही. इतर खोल्यांत सिमेंटचं ग्राउट चालतं. ते भरल्यावर उरलेला पांढरट थर काढायला मिस्त्री सहज अ‍ॅसिड ओततात. बाजूला मार्बल असेल तर तिथेच त्याचा सत्यानाश होतो, सांध्यातलं सिमेंट पोखरलं जातं, आणि नुसत्या वाफेने नळांची चकाकी काळवंडते. अ‍ॅसिडची बाटली कामाच्या जागी येऊच देऊ नका.

रोजची निगा त्यामानाने फारच साधी आहे. आधी कोरडा, मऊ मॉप फिरवून बारीक वाळू उचला, ती न काढता ओलं फडकं फिरवलं तर आपण वाळूने फरशी घासतो. मग फडकं घट्ट पिळून पुसा. पाण्यात घालायचा द्रव उदासीन, म्हणजे पीएच ७ च्या आसपासचा असावा आणि सांगितलं असेल तेवढाच घाला. जास्त घातला की साबणाचा थर चढतो, फरशी ओशट दिसते, आणि मग माणूस आणखी द्रव घालतो. विट्रिफाइड फरशी 'पुसूनही मळकट' दिसते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. दोनतीनदा नुसत्या कोमट पाण्याने पुसा, फरक दिसेल. आणि एक गोष्ट जिवाशी संबंधित: ब्लीच आणि आम्लाचं द्रावण कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनियाचंही तेच, तिथे क्लोरामाइन होतो. बंद बाथरूममध्ये दोन्ही घातक ठरतात.

सीलर लावायचाच झाला तर दगडात मुरणारा घ्या, वर फिल्म धरणारा नको. दगड धुतल्यावर एकदोन दिवस पूर्ण वाळू द्या, सीलर पसरवा, बाटलीवर सांगितलेली मिनिटं थांबा आणि वर उरलेला थेंब न थेंब पुसून काढा. तो वाळला तर चिकट, धुरकट थर बसतो. पुन्हा कधी लावायचा हे कॅलेंडरवरून ठरवू नका, पाण्याचा थेंब टाकून ठरवा. विट्रिफाइड टाइलला सीलर विकणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

खऱ्या डागासाठी, म्हणजे मुरलेल्या तेलासाठी किंवा कॉफीसाठी, लेप हा उपाय आहे. तत्त्व साधं: डाग आत गेला त्याच वाटेने द्रवाबरोबर बाहेर ओढायचा. ताजमहालच्या पिवळट पडलेल्या मार्बलवर पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचे लेप देतं, त्यामागे हेच तत्त्व आहे. घरी खाण्याचा सोडा घ्या. तेलकट डाग असेल तर पाण्यात, कॉफीसारखा तपकिरी डाग असेल तर औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये त्याचा घट्ट लेप कालवा. गडद दगडावर पेरॉक्साइडने रंग उडू शकतो, तिथे आधी कोपऱ्यात करून बघा. डागाची जागा साध्या पाण्याने भिजवून घ्या, लेप अर्धा सेंटिमीटर जाड, डागाच्या थोडा बाहेरपर्यंत पसरवा, वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि प्लास्टिकला सुईने काही भोकं पाडा. दिवसभर तसंच ठेवा, मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. हा वाळण्याचा टप्पा कुणी चुकवू नये. लेप वाळत जातो तसा डाग वर खेचला जातो, ओला लेप पुसून टाकला तर काहीच होत नाही. वाळल्यावर लाकडी पट्टीने उचला, धुवा, एक दिवस थांबून बघा. जुन्या तेलाला तीनचारदा लेप द्यावा लागतो, प्रत्येक वेळी डाग फिकट झालेला दिसला तर चिकाटी सोडू नका.

नव्या फरशीच्या सांध्यांवर पांढरी पावडर येत असेल तर ते सिमेंटमधले क्षार आहेत, ओलीबरोबर वर येतात. कोरड्या ब्रशने झाडा आणि थांबा. खालची ओल संपली की बहुतेक वेळा ते थांबतात. सहा महिन्यांनीही येतच राहिले तर पाणी कुठून मुरतंय ते शोधा.

टाइल घेताना सगळ्या खोक्यांवर शेड (रंगछटा) आणि कॅलिबरचा (नेमक्या मापाचा) नंबर एकच आहे ना ते उतरवून घेतानाच बघा. १० टक्के जास्त घ्या, तिरक्या मांडणीला १५. काम संपल्यावर दोनतीन टाइल नंबराच्या खोक्यासकट माळ्यावर ठेवा, कारण तोच माल पुन्हा मिळेल याची खात्री नसते. ओट्याच्या आणि मार्बलच्या कापलेल्या तुकड्यांपैकी एक एक तळहाताएवढा तुकडाही मिस्त्रीकडून मागून घ्या. घरात नवं क्लीनर, नवा सीलर, काहीही आणलं की आधी त्या तुकड्यावर लावा, रात्रभर ठेवा, आणि सकाळी टॉर्च आडवा धरून बघा.